गव्हाणीतलं किती अंगी लागतं?

अहिल्यानगर जिल्ह्यात दुधाचा हिशेब रोज दोनदा होतो. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर लिटर, फॅट आणि एसएनएफ लिहिले जातात, दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो आणि गोठ्यातला सगळा खर्च त्या पगाराकडे बघून ठरतो. सरकी पेंड, भरडा, मिनरल मिक्स्चर हे सगळं ज्या गाईखाली दूध आहे तिच्यापुढे पडतं. कालवड अजून कमावती नाही. ती दावणीच्या शेवटच्या खुंट्याला असते आणि गाईंनी मागे टाकलेले वाढ्यांचे बुडखे, कडब्याची जाड ताटं तिच्या वाट्याला येतात. दोन-अडीच वर्षांनी त्याच कालवडीकडून आपण पंधरा-वीस लिटरची अपेक्षा करतो. मग तक्रारी सुरू होतात. माजावर येत नाही, उलटते, वार अडकली, वासरू अशक्त निपजलं.

या तक्रारींची कारणं अनेक असतात. प्रथिनं आणि ऊर्जा कमी पडणं हे त्यांतलं सर्वांत मोठं, आणि ते सोडून एखाद्या पुडीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण पोटभर खाऊनही जनावर लागत नाही, तेव्हा मिलिग्रॅममध्ये मोजाव्या लागणाऱ्या गोष्टींकडे बघावं लागतं. तांबं, जस्त, लोह, मँगेनीज, कोबाल्ट, आयोडीन आणि सेलेनियम ही ती सूक्ष्म खनिजं. मिनरल मिक्स्चरची पिशवी आता बहुतेक गोठ्यांत दिसते, त्यामुळे ‘देता का?’ हा प्रश्न मागे पडला आहे. ते कोणत्या जनावराला, कोणत्या वयात आणि कशाच्या सोबत दिलं, यावर अंगी लागणं ठरतं. नगरच्या मातीत, पाण्यात आणि चाऱ्यात ही खनिजं वाया जाण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. आणि ज्या दोघींना त्यांचा सर्वांत जास्त उपयोग व्हायचा, ती आटवलेली गाभण गाय आणि दूध तोडलेली कालवड, नेमक्या त्याच दोघी वगळल्या जातात.

आधी गरज किती ते पाहू. चाऱ्यातला पाण्याचा अंश वजा केला की जो शुष्क भाग उरतो, त्याच्या किलोमागे तांबं साधारण १० मिलिग्रॅम लागतं. जस्त ३० ते ४०, लोह ५०, मँगेनीज २० ते ४०, आयोडीन अर्धा, सेलेनियम ०.१ ते ०.३ आणि कोबाल्ट ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम. दोनशे किलो वजनाची कालवड दिवसाला पाचेक किलो शुष्क चारा खाते असं धरलं, तर तिला रोज ५० मिलिग्रॅम तांबं हवं, म्हणजे एका ग्रॅमचा विसावा भाग. त्यातलंही रक्तात पोचतं ते दोन-अडीच मिलिग्रॅम. बाकीचं शेणावाटे उकिरड्यावर जातं. एवढ्या थोड्या मात्रेत थोडा अडथळा आला तरी चित्र पालटतं.

वासराच्या बाबतीत हा हिशेब जन्माआधीच सुरू होतो. गाभणपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत वारेतून तांबं, लोह, जस्त, सेलेनियम गर्भाकडे जातं आणि त्याच्या यकृतात साठतं. तांब्याच्या बाबतीत गर्भ आईलाही मागे टाकतो. नवजात वासराच्या यकृतातलं तांब्याचं प्रमाण बहुधा गाईच्या यकृतापेक्षा जास्त असतं. ही शिदोरी निसर्गाने दिली आहे, कारण पुढे जे दूध मिळणार त्यात तांबं, लोह आणि मँगेनीज अगदी कमी असतं. दुधात लिटरमागे लोह सुमारे अर्धा मिलिग्रॅम. दिवसाला चार लिटर दूध पिणाऱ्या वासराला त्यातून दोनच मिलिग्रॅम मिळतं. जस्त त्या मानाने दुधात बरं असतं, आणि पहिल्या दिवसाच्या चिकात ही सगळीच खनिजं नंतरच्या दुधापेक्षा जास्त असतात.

आता आपल्याकडच्या आटवलेल्या गाईला काय मिळतं ते आठवून पाहा. दूध बंद झालं की खुराक बंद, मिनरल मिक्स्चर बंद. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा या ऊसपट्ट्यात कारखान्यांचा हंगाम चालू असेल तर तिच्यापुढे वाढे पडतात. जामखेड, कर्जत, पाथर्डीकडे कडबा. म्हणजे गर्भाच्या यकृतात साठा होण्याचे जे साठ दिवस, तेच गाईच्या खाण्यात सर्वांत ओढाताणीचे. वासरू जन्मतः दिसायला ठीक असतं. कमी भरलेल्या यकृताचा परिणाम तीन-चार महिन्यांनी दिसतो, आणि तोवर त्याचा संबंध आईच्या आटवणीशी कोणी जोडत नाही.

जन्मानंतरचे पहिले सात-आठ आठवडे वासरू चार पोटं असूनही एका पोटाने जगतं. कोठीपोट तेव्हा लहान असतं आणि चौथं, खरं पोट सर्वांत मोठं. वासरू दूध ओढू लागलं की अन्ननलिकेच्या टोकाची खोबण मिटून नळी तयार होते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. तिथल्या आम्लात खनिजं विरघळतात, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषली जातात. या वयात आतडं फार तत्पर असतं. दुधातलं निम्म्याहून जास्त तांबं, काही मोजण्यांत ऐंशी टक्क्यांपर्यंत, ते ओढून घेतं. जस्ताचंही प्रमाण मोठ्या जनावराच्या कितीतरी पुढे असतं.

माती चाटणारं वासरू या वयात हमखास दिसतं. गोठ्याच्या कोपऱ्यात जमीन खरवडून ओली माती जिभेने उचलतं, भिंतीचा पोपडा चाटतं, दावं चघळतं. आपण तोंडाला मुसकं बांधून मोकळे होतो. मुसक्याने जंतांची अंडी आणि घाण पोटात जाणं थांबतं, तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. पण निव्वळ दुधावर ठेवलेल्या वासराला लोह कमी पडतं, पुढे पंडुरोगही होतो, हे जगभर सिद्ध झालेलं आहे. माती खाण्यामागे मीठ, स्फुरद किंवा जंत अशीही कारणं असू शकतात, म्हणून चाटणाऱ्या प्रत्येक वासराला लोहाचं इंजेक्शन टोचायचं, असा याचा अर्थ नाही. दुसऱ्या आठवड्यापासून वासरापुढे मूठभर काफ स्टार्टर आणि स्वच्छ पाणी ठेवणं हा खरा उपाय. धान्याच्या त्या खुराकात लोह, तांबं, मँगेनीज सगळं असतं, शिवाय तो आंबून तयार होणाऱ्या आम्लांमुळे कोठीपोटाच्या आतली लव वाढते.

तान्ह्या आतड्याची तांबं खेचून घेण्याची ताकद धोक्याचीही आहे. चांगल्या हेतूने काही जण मोठ्या गाईचं मिनरल मिक्स्चर दुधात कालवून तान्ह्या वासराला पाजतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६६४ या मानकाप्रमाणे अशा मिश्रणात तांबं किमान ०.१ टक्का असावं लागतं. म्हणजे २५ ग्रॅममध्ये २५ मिलिग्रॅम. दुधावरच्या वासराने त्यातलं साठ टक्के शोषलं तर १५ मिलिग्रॅम तांबं रक्तात गेलं. दोनशे किलोच्या कालवडीला जेवढं पुरतं त्याच्या सहापट, आणि तेही पस्तीस-चाळीस किलोच्या जिवात. जादा तांबं यकृतात साचत जातं आणि एके दिवशी एकदम रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडतं. तान्ह्या वासराला दुधातून मिक्स्चर देऊ नये. खुराक खाऊ लागल्यावर खुराकातून, तेही दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत.

यापुढे कोठीपोट जागं होतं आणि सगळा खेळ बदलतो. तीन-चार महिन्यांच्या आत हेच वासरू रवंथ करणारं जनावर बनतं. निम्म्याहून जास्त शोषलं जाणारं तांबं आता एक ते पाच टक्क्यांवर येतं. एवढी मोठी घसरण दुसऱ्या कुठल्या सूक्ष्म खनिजात दिसत नाही, आणि तिचं कारण कोठीपोटातल्या जंतूंमध्ये आहे. चाऱ्यातल्या आणि पाण्यातल्या गंधकापासून हे जंतू सल्फाइड तयार करतात. चाऱ्यात मॉलिब्डेनम असेल तर दोन्ही मिळून थायोमॉलिब्डेट नावाची संयुगं बनतात आणि ती तांब्याला असं पकडतात की पुढे आतड्यालाही ते सोडवता येत नाही. ही संयुगं रक्तात गेली तर अंगातल्या तांब्यालाही निकामी करतात.

हे कोडं सुटायला बरीच वर्षं लागली. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या काही कुरणांवर गाई चरल्या की त्यांना हगवण लागे, केसांचा रंग उडे. १९३८ च्या सुमारास त्या गवतात मॉलिब्डेनम जास्त असल्याचं सापडलं आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, पाजल्यावर गाई बऱ्या झाल्या. पुढे ऑस्ट्रेलियात डिक या संशोधकाने मेंढ्यांवर केलेल्या कामातून गंधकाचा वाटा उघड झाला. न्यूझीलंडची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या काही भागांत जनावरं हिरव्या गवतात उभी राहून खंगत होती. लोहाची कमतरता समजून त्यांना लोहखनिजाची माती दिली जाई आणि ती सुधारतही. मात्र सगळ्याच ठिकाणच्या लोहमातीने गुण येईना. १९३५ च्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की गुण लोहाचा नव्हता, त्या मातीत मिसळलेल्या लेशमात्र कोबाल्टचा होता. कोबाल्ट जनावराला थेट लागत नाही. कोठीपोटातले जंतू त्यापासून बी-१२ जीवनसत्त्व बनवतात आणि जनावर ते वापरतं. म्हणून कोठीपोट तयार नसलेल्या वासराला कोबाल्ट देऊन उपयोग नाही. त्याला तयार बी-१२ लागतं, जे चीक, दूध आणि यकृताच्या साठ्यातून येतं.

बाकीच्यांची वाट थोडक्यात. सेलेनियमही कोठीपोटात अडखळतं, कारण जंतू त्याचा बराच भाग न विरघळणाऱ्या रूपात बदलतात. एका पोटाच्या प्राण्यापेक्षा रवंथ करणाऱ्यात ते बरंच कमी शोषलं जातं. मँगेनीज मोठ्या जनावरात एक टक्काही शोषलं जात नाही. आयोडीन मात्र ऐंशी-नव्वद टक्के आत जातं. त्याचा प्रश्न वेगळा आहे. आपण जनावराला खडे मीठ देतो आणि त्यात आयोडीन घातलेलं नसतं. सुबाभळीच्या पाल्यातल्या मिमोसिनपासून कोठीपोटात बनणारा एक घटक थायरॉईडच्या कामात अडथळा आणतो. तो पचवणारे जंतू आपल्याकडच्या जनावरांत बहुधा असतात, तरी एकट्या सुबाभळीवर कालवड ठेवू नये. जस्ताच्या बाबतीत आतडं गरज ओळखतं. शरीरात कमी असेल तर जास्त ओढतं, पुरेसं असेल तर आतड्याच्या पेशी ते मेटॅलोथायोनीन या प्रथिनात धरून ठेवतात आणि त्या पेशी झडल्या की जस्तही शेणात जातं. तांब्यासारखा मोठा साठा जस्ताचा होत नाही. ते रोजच्या रोज लागतं, म्हणून महिन्यातून आठवडाभर पावडर देण्याची पद्धत जस्तासाठी निरुपयोगी आहे.

एवढं लक्षात घेऊन जिल्ह्याकडे बघितलं की बऱ्याच गोष्टी जुळतात. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा हा जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. या काळ्या पाषाणात तांबं, लोह, मँगेनीज यांची वाण नाही. त्यापासून झालेली खोल काळी जमीन मात्र चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी, सामू आठच्या वर. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखाली वर्षानुवर्षं पाणी साचून क्षारपड आणि चोपण झालेल्या जमिनीत तो आणखी चढतो. अशा जमिनीत जस्त आणि लोह असूनही पिकाच्या मुळांना सापडत नाही. शेतकऱ्याला हे पिकाच्या बाजूने चांगलं ठाऊक आहे. ऊस केवडा पडून पिवळा झाला की तो फेरस सल्फेट फवारतो, मक्याला झिंक सल्फेट टाकतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतही सूक्ष्म अन्नद्रव्यं आहेत. पण जे जस्त मक्याला मिळालं नाही, ते मुरघासात येणार नाही आणि कालवडीलाही मिळणार नाही, ही पुढची कडी क्वचित जोडली जाते. देशभरच्या माती तपासण्यांत सर्वांत जास्त आढळणारी कमतरता जस्ताचीच आहे, आणि चाऱ्यांच्या सर्वेक्षणांतही वाळल्या वैरणीत जस्त कमी आणि लोह गरजेपेक्षा जास्त हे चित्र पुन्हा पुन्हा येतं.

मॉलिब्डेनमचं वागणं याच्या उलट आहे. सामू जितका जास्त तितकं ते झाडाला सहज मिळतं, आणि लसूण घासासारखी द्विदल पिकं ते जास्त उचलतात. म्हणजे विम्ल जमिनीतल्या हिरव्यागार लसूण घासात तांबं पुरेसं असूनही ते कालवडीला मिळेलच असं नाही. म्हणून घास बंद करावा असं कोणी म्हणणार नाही, त्याच्याइतकं प्रथिन देणारं हिरवं दुसरं नाही. पण निव्वळ घासावर वाढवलेल्या कालवडीचा रंग उडू लागला तर संशय इकडे घ्यावा.

पाण्याचा विचार तर गोठ्यात होतच नाही. जिल्ह्याच्या मोठ्या भागात जनावरं बोअरचं पाणी पितात आणि उन्हाळ्यात ते जड होत जातं. पाण्यातलं सल्फेट म्हणजे गंधकच. वासरांसाठी ते लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावं असा सर्वसाधारण दंडक आहे. उन्हाळ्यात पाणी जास्त पिणाऱ्या कालवडीच्या पोटात चाऱ्यापेक्षा पाण्यातून जास्त गंधक जाऊ शकतं. त्यात उसाच्या मळीची भर पडते, कारण मळीतही गंधक चांगलंच असतं. पाणी तपासायला फार खर्च येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, विहिरीचं पाणी पिकासाठी तपासणारे शेतकरीही आहेत. त्याच अहवालातला सल्फेटचा रकाना जनावरासाठी वाचायला हवा.

मुरघासाकडे थोडं जवळून पाहायला हवं. मका कापून खड्ड्यात किंवा बॅगेत भरताना ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर माती येते, ढिगाच्या तळाची माती फावड्याने उचलली जाते. काळ्या मातीत लोह भरपूर, पण एरवी ते न विरघळणाऱ्या रूपात असल्याने जनावराच्या पोटातून तसंच निघून जातं. मुरघास आंबतो तेव्हा सामू चारपर्यंत उतरतो आणि त्या आम्लात मातीतलं लोह विरघळू लागतं. हॅन्सन आणि स्पिअर्स या अमेरिकी संशोधकांनी २००९ मध्ये हे दाखवलं. आधीच जास्त असलेलं लोह आता शोषलं जाण्याजोगं होतं आणि तांबं, मँगेनीज यांच्या आड येतं. खड्ड्याला खाली ताडपत्री अंथरणं, काप थोडा उंचावरून घेणं, वरचा-खालचा काळपट थर काढून टाकणं ही कामं बुरशी टाळण्यासाठी सांगितली जातात. खनिजांसाठीही तीच उपयोगी आहेत.

वाढ्यांबद्दल बोलताना ऑक्झॅलेटची चर्चा नेहमी होते, आणि ती बरोबर आहे. ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला दिला जातो. पण वाढ्यांची सूक्ष्म खनिजांच्या बाजूने मोठी उणीव साधी आहे. त्यात जस्त आणि तांबं मुळातच कमी आणि प्रथिनही नाममात्र. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या छावण्यांत जनावरं महिनोन् महिने ऊस आणि वाढ्यांवर जगली. छावण्यांनी जनावरं वाचवली, हे ऋण मोठं आहे. पण छावणीत वाढीच्या वयातली जी कालवड होती, तिला लहान जनावर म्हणून निम्मा चारा मिळाला आणि तिच्या वाढीचे सर्वांत मोलाचे महिने त्यात गेले. पुढच्या दुष्काळात चाऱ्याच्या गाडीबरोबर वाढत्या जनावरांसाठी क्षारमिश्रणाची तरतूद शासकीय निकषातच असली पाहिजे. त्याचा खर्च चाऱ्याच्या वाहतुकीपुढे किरकोळ आहे.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग मात्र वेगळा. रतनवाडी, घाटघरच्या बाजूला पाऊस प्रचंड, जमीन तांबडी, धुपलेली, आम्लधर्मी. तिथे डांगी जनावरं रानात चरतात, भाताचा पेंढा खातात. आम्ल जमिनीत जस्त, मँगेनीज, लोह मुळांना सहज मिळतात आणि मॉलिब्डेनम कमी. अडचण येते ती धुऊन गेलेल्या स्फुरदाची आणि जादा लोहाची. पारनेरच्या माळरानावर आणि राजूरच्या डोंगरात एकच पिशवी एकाच मापाने देणं म्हणूनच शहाणपणाचं नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने भागवार चारा तपासून क्षेत्रनिहाय क्षारमिश्रणं सुचवली ती याच विचाराने. जिल्ह्याच्या पातळीवरही ऊसपट्टा, ज्वारीपट्टा आणि अकोल्याचा डांग असे किमान तीन भाग धरायला हवेत.

शोषलेलं खनिज पुढे काय करतं, ते कालवडीच्या अंगावर वाचता येतं. तांबं यकृतात जातं, तिथून सेरुलोप्लाझमिन या प्रथिनावर बसून शरीरभर फिरतं. केसांना काळा रंग देणारं विकर तांब्यावर चालतं. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या संकरित कालवडीचा काळा भाग आधी तपकिरी, मग तांबूस होतो आणि डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखं फिकट वर्तुळ दिसतं. हाडांची आणि रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकवणारं विकरही तांब्यावरच अवलंबून आहे. जस्त तीनशेहून अधिक विकरांत लागतं. पेशी वाढायच्या असतील तर ते हवंच, म्हणून वाढ खुंटणं आणि भूक मंदावणं ही त्याची पहिली लक्षणं. पुढे तोंडाभोवती, मानेवर, पायांवर कातडी जाड आणि भेगाळ होते, खूर कच्चे राहतात. मँगेनीज कूर्चा बनवायला लागतं. आईला ते कमी पडलं तर वासरू वाकड्या पायांचं जन्मतं. सेलेनियम ई जीवनसत्त्वासोबत पेशींचं रक्षण करतं आणि थायरॉईडचं संप्रेरक कामाला लावतं. त्याच्या अभावी वासरांचे स्नायू पांढरे पडून निकामी होतात.

ही लक्षणं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. रक्त तपासूनही लवकर कळतं असं नाही. यकृतातला तांब्याचा साठा जवळजवळ संपेपर्यंत रक्तातला आकडा ठीकच येतो. जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर रक्तातलं तांबं उलट वाढतं आणि जस्त उतरतं, त्यामुळे आजारी जनावराचा अहवाल फसवा ठरतो. खरं चित्र यकृताच्या तुकड्यात असतं. जिवंत जनावराच्या यकृताचा तुकडा काढणं रोजच्या व्यवहारात शक्य नाही, पण शवविच्छेदन होतं तेव्हा यकृताचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी हे नमुने तालुकावार जमवले तर दोन-तीन वर्षांत जिल्ह्याचा नकाशा हाती येईल.

जातीचाही संबंध आहे. एकाच चाऱ्यावर जर्सी यकृतात होल्स्टीनपेक्षा जास्त तांबं साठवते, हे परदेशी प्रयोगांत दिसलं आहे. राहुरीच्या विद्यापीठाने तयार केलेल्या फुले त्रिवेणीत होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तिघींचं रक्त आहे. लोणी आणि घोडेगावच्या बाजारात येणाऱ्या संकरित गाईंत तर प्रमाण काहीही असू शकतं. त्यामुळे परदेशी पुस्तकातला आकडा जसाच्या तसा आपल्या कालवडीला लागू करताना हात राखावा. फ्रिजियन वंशात एक जन्मजात दोषही आढळतो. आतड्यातून जस्त आत नेणारं प्रथिनच बिघडलेलं असतं, महिना-दोन महिन्यांत कातडी फाटते, आणि जन्मभर जादा जस्त दिलं तरच असं वासरू जगतं. वळूंचं वीर्य दूरवर जातं तिथे असे दोष तपासूनच वळू निवडायला हवेत.

उपायांकडे येताना एक साधं गणित. मानकाप्रमाणे मिश्रणात जस्त ०.८ टक्के. कालवडीला दिवसाला ५० ग्रॅम दिलं तर ४०० मिलिग्रॅम जस्त आणि ५० मिलिग्रॅम तांबं मिळतं. पाच किलो शुष्क चारा खाणाऱ्या कालवडीची जस्ताची गरज दीडशे-दोनशे मिलिग्रॅम, तांब्याची पन्नास. म्हणजे चांगल्या प्रतीचं साधं मिश्रण, रोज आणि मोजून दिलं तर पुरतं. किलोचा भाव शंभर-सव्वाशे रुपये धरला तरी रोजचे पाच-सहा रुपये होतात. ते आंबोणात किंवा भिजवलेल्या भरड्यात कालवावं. कोरड्या कडब्यावर भुरभुरलं की कालवड ताटं उचलते आणि पावडर गव्हाणीच्या तळाशी राहते. गव्हाणीत हात घालून पाहिलं तर कळतं, कोपऱ्यात पांढरट थर साचलेला असतो.

बाजारात चिलेटेड म्हणून महाग मिश्रणं विकली जातात. अमिनो आम्लाशी बांधलेलं जस्त किंवा तांबं कोठीपोटातल्या गंधकाच्या तावडीतून काही प्रमाणात सुटतं, हे खरं आहे. मॉलिब्डेनम, गंधक किंवा लोह जास्त असलेल्या ठिकाणी आणि ताणातल्या जनावरांत त्याचा फायदा दिसतो. जिथे असा अडथळा नाही तिथे साधं सल्फेट जवळपास तेवढंच काम करतं. तांब्याचं ऑक्साइड पावडरच्या रूपात मात्र फार कमी लागू पडतं, तेव्हा पिशवीवर कोणतं रूप लिहिलं आहे ते वाचावं. माझं मत असं, की गाभण गाईच्या शेवटच्या दोन महिन्यांत, आणि जड पाण्याच्या गोठ्यात वाढत्या कालवडीला, चिलेटेडचा खर्च करावा. इतरत्र त्या पैशात पेंड आणावी. आणि त्याआधी जंतनिर्मूलन. चौथ्या पोटातल्या जंतांमुळे तिथलं आम्ल कमी होतं आणि तांबं विरघळतच नाही.

सेलेनियम अंदाजाने देऊ नये. गरज आणि विषबाधा यांतलं अंतर फार थोडं आहे. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या काही गावांत जमिनीतच सेलेनियम इतकं आहे की जनावरांचे खूर आणि शिंगं गळतात. मेंढ्यांच्या बाबतीत तांब्याचं तसंच आहे. गाईला चालणारं तांबं मेंढीच्या यकृतात साचत जातं आणि काही आठवड्यांनी ती कावीळ होऊन, लालसर काळी लघवी करून मरते. आपल्या जिल्ह्यात एकाच वस्तीवर गोठा आणि दख्खनी मेंढ्यांचा वाडा शेजारी असतो. संगमनेरी शेळीला त्या मानाने जास्त तांबं सोसतं, मेंढीला नाही. गाईंच्या गव्हाणीतला उरलेला खुराक मेंढ्यांपुढे टाकायचा नाही, आणि गाईचं मिक्स्चर घातलेली चाटण वीट वाड्यात टांगायची नाही.